कुठल्या गावाला?

"याला सरळ गावाला पाठवून द्या. तुमचाही ताप जाईल, आमचाही." हे बोलणारे गृहस्थ मनाने वाईट नाहीत. हार्डवेअरचं दुकान चालवतात, गल्लीतलं गटार तुंबलं तर स्वतः उभं राहून माणूस लावतात, गणपतीत मंडळाचा हिशोब दरवर्षी त्यांच्याकडेच असतो. बालवाडीच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून आम्ही सगळे गोलात बसलो होतो आणि बोलायची पाळी त्यांची होती. समोर बसलेला मुलगा तोवर एक अक्षर बोलला नव्हता. मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा निघालेला दोरा उकरत बसला होता. हे वाक्य ऐकल्यावर मात्र त्याने वर बघितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. खरोखरच माहिती विचारावी तसं त्याने विचारलं, "कौनसे गाँव? गाँव तो गंगा में चला गया."

यावर काय बोलावं ते कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मुलाचं नाव मी लिहिणार नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तशी बंदी आहे, आणि ती नसती तरी लिहिलं नसतं. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. घडलं ते असं. चेंबूर आणि गोवंडीच्या मधल्या एका गल्लीत एक मावशी पोळी-भाजी केंद्र चालवतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिथे उभं राहायला जागा नसते. दोन तवे पेटलेले, मावशींचे हात कोपरापर्यंत पिठाचे, मुलगी भाज्या पिशव्यांत भरून गाठी मारते आहे, आणि मोबाइल नेहमीप्रमाणे काउंटरवरच्या पिठाच्या डब्यावर. हा मुलगा रोजचा गिऱ्हाईक. चार पोळ्या आणि सुकी भाजी, स्वतःसाठी आणि काकासाठी. त्या दिवशी त्याने पोळ्या घेतल्या, पैसे दिले आणि जाताना मोबाइल उचलला. कुर्ल्याला नेऊन दोन हजारांना विकला. त्यातले हजार आईला पाठवले, उरलेल्यांत बूट घेतले आणि मित्रांना बिर्याणी खिलवली. बिर्याणी खाल्लेल्यांपैकीच एकाने नाव सांगितलं. मोबाइल काही मिळाला नाही.

मोबाइल जुनाच होता, काच तडकलेली. पण मावशींचा सगळा धंदा त्यात होता. त्या सातारकडच्या, लिहायला त्यांना वेळ लागतो, म्हणून कुणाची किती उधारी, कुणाकडे सोमवारी भाकरी, कुणाला बिनमिठाचं, हे सगळं त्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायच्या. महिन्याचे डबे लावलेली बहुतेक माणसं एकटी राहणारी, पत्ता इमारतीच्या नावापलीकडे माहीत नाही, नंबर फक्त फोनमध्ये. चोरी झाली ती महिनाअखेरीला, म्हणजे उधारी गोळा करायच्या नेमक्या वेळी. कागदावर जुन्या मोबाइलची किंमत किती लागणार? मावशींचं खरं नुकसान मांडायला त्या कागदात रकानाच नव्हता.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे तो मुलांच्या बाबतीत किरकोळ गुन्हा धरतात. अशा वेळी एफआयआर न नोंदवता पोलिसांनी डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरादाराची माहिती देणारा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक तरी बाई. ताकीद देऊन घरी पाठवणं, गट समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली ठेवणं, असे बरेच मार्ग त्यांच्याकडे असतात. गोलात बसवून ज्याचं नुकसान झालं आणि ज्याने केलं त्यांची गाठ घालून द्या, असं कायद्यात स्पष्ट कुठे लिहिलेलं नाही. पण समुपदेशनाच्या त्या दारातून आमच्यासारखे गट आत शिरतात. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर या गटाबरोबर काम करू लागले. मुलाला एक मोठं माणूस जोडून द्यायचं, आणि त्या माणसाने वर्षभर तरी त्याची साथ सोडायची नाही, एवढीच आमची पद्धत. हा मुलगा माझ्या वाट्याला आला.

पहिल्या भेटीला त्याचा काका एक प्लास्टिकची जाड पिशवी घेऊन आला. मी मुलाचं वय विचारलं, तर त्याने पिशवीच माझ्यापुढे उपडी केली. आधार कार्डं, आईच्या मतदार ओळखपत्राची झेरॉक्स, शाळेचा बांगला दाखला, रेशन कार्ड, आणि घर नदीत गेल्याचं पंचायतीचं पत्र, घडीवर फाटत आलेलं आणि चिकटपट्टीने जोडलेलं. एकेक कागद तो माझ्यासमोर सरळ करत होता आणि सारखं म्हणत होता, "हम लोग इंडिया का है, मॅडम." मी त्यातलं काही विचारलंच नव्हतं. पण बाकी सगळ्यांनी आधी तेच विचारलं होतं. चोरी कुणाची, कशाची, हे नंतर. बांगलादेशी आहे का, हे आधी. ही भीती हवेतली नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या आसपास पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि ते भारतीय असल्याचं नक्की झाल्यावर परत आणावं लागलं. वर्तमानपत्रांत आलेली गोष्ट आहे. बंगालीत फोनवर बोलताना आवाज खाली आणायचा, हे या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

त्याचं गाव पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात, शमशेरगंजकडे. तिथे घरोघरी बायका बिड्या वळतात. हजार बिड्यांमागे मजुरी. पानं ओली करून कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. त्याची आई हे काम अंधारातही करते असं तो अभिमानाने सांगतो. गंगा तिथे काठ कापत येते. १९७५ मध्ये फराक्क्याचा बंधारा सुरू झाला, गाळ आणि प्रवाहाचं गणित बदललं, आणि माळदा-मुर्शिदाबादच्या पट्ट्यात नदीने गावंच्या गावं गिळली. २०२० च्या पावसाळ्यात शमशेरगंजला घरं एकामागून एक पाण्यात गेली. सगळा देश टाळेबंदीतून बाहेर पडायला धडपडत होता, त्या बातम्यांच्या गर्दीत ही बातमी माझ्या तरी लक्षात राहिली नव्हती. तो तेव्हा अकरा वर्षांचा. पूर येतो तशी ही नदी येत नाही, असं त्याने मला समजावलं. पाणी घरात शिरत नाही. आधी अंगणात भेग दिसते, केसाएवढी. दुसऱ्या दिवशी तीत बोट जातं. मग कडेचं आंब्याचं झाड तिरकं होतं आणि एका रात्री जमिनीचा तुकडा खाली बसतो, त्याचा आवाज लांबवर ऐकू येतो. त्यांनी पत्रे, दारं, चौकटी आधीच उपसून घेतल्या होत्या, कारण विटा गेल्या तरी लाकूड पुन्हा उपयोगी पडतं. आईने ट्रंक आणि बिड्यांचं सूप उचललं. पूर ओसरला की माणूस परत जातो. इथे परत जायला जमीनच नाही. सात-बारा असला तरी तो पाण्याचा.

बाप राजमिस्त्री, तो आधीपासून मुंबईत यायचा-जायचा. तेराव्या वर्षी हाही काकाबरोबर आला. शाळेचं विचारायला गेले तेव्हा अडचण समोर आली. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमीळ, तेलुगू आणि कन्नड. इतक्या भाषांची सोय असणारं दुसरं शहर शोधावं लागेल. पण बांगला त्यांत नाही. सहावीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असलेला मुलगा इथे येऊन निरक्षर झाला.

त्या दिवशी हार्बरच्या गाडीत बसल्यावर मला एकदम लालबागची खोली आठवली. माझे आजोबा कणकवलीकडचे, गिरणीत साच्यावर होते. त्या काळी कोकणातल्या एकेका गावाची मुंबईत खोली असायची, गावकीची खोली. भिंतीला ओळीने पत्र्याच्या पेट्या, वर वळकट्या, दोऱ्यांवर कपडे, आणि पाळी बदलली की झोपणारे बदलायचे. कामावरून आलेला माणूस उठून गेलेल्या माणसाच्या उबेत झोपायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे, हिशोब पगाराच्या दिवशी. लहानपणी मी वडिलांबरोबर तिथे गेले की तेलाचा, घामाचा आणि सुक्या बांगड्याचा असा एकत्र वास यायचा. आजही मासळी बाजारातून जाताना त्यातला अर्धा वास भेटतो.

माझा चुलतकाका पंधराव्या वर्षी त्या खोलीत आला आणि थोड्याच दिवसांत त्याने रात्रपाळीच्या एकाचं मनगटी घड्याळ लांबवलं. घरात ही गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, काकाच्या देखतसुद्धा. खोलीतले वडीलधारे, सगळे त्यांना तात्या म्हणत, त्यांनी रविवारी सगळ्यांना बसवलं. ज्याचं घड्याळ गेलं त्याला आधी बोलायला लावलं. तो म्हणाला, घड्याळाचं राहू दे, पण वेळ कळली नाही म्हणून माझा अर्धा दिवस बुडाला, मुकादमाने सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. मग ठरलं की काकाने दिवाळीपर्यंत रोज त्या माणसाचा डबा गिरणीच्या दरवाजापर्यंत पोचवायचा आणि कामाला लागला की पगारातून घड्याळ भरून द्यायचं. कुणीतरी म्हणालंच की पोराला बोटीत घालून गावाला पाठवा. तात्यांनी विचारलं म्हणे, तिथे त्याला खायला कोण घालणार?

त्या न्यायाचे गोडवे मला गायचे नाहीत. बसवण्याआधी काकाला पट्ट्याने मारलं होतं, ते वळ त्याने म्हातारपणी दाखवले. खोलीत एकाच जातीची माणसं. खानावळवाल्या बाईचेही काका पैसे देणं लागत होता, तिला त्या बैठकीला कुणी बोलावलं नाही. बायकांचं ऐकून घ्यायची रीत तिथे नव्हतीच. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे त्यांच्या घामाचा हिशोब कुणी विचारू लागलं. तरीही त्या रविवारी काकाच्या बाबतीत एक गोष्ट झाली. भरपाई त्याच्याकडूनच हवी होती. डबा त्यानेच पोचवायचा होता. म्हणजे उद्या, परवा, दिवाळीपर्यंत तो इथेच असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्या खोल्या बघता बघता रिकाम्या झाल्या. अडीच लाखांच्या घरातले कामगार. जे गावी गेले ते गेले. जे राहिले त्यांच्या पोरांकडे बघायला तात्या उरले नाहीत. त्यातली काही पोरं टोळ्यांकडे गेली, हे गिरणगावात वाढलेल्या कुणाला सांगायला नको. माझ्या वर्गातला एक मुलगा एकविसाव्या वर्षी गेला. शाळेत असताना त्याने एकदा माझी कंपासपेटी घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी आणून दिली होती. त्याला आधी एकदा पकडलं तेव्हा घरच्यांना पोलिसांनी काय सांगितलं होतं, तर गावाला न्या याला.

मी हे काम घेतलं तेव्हा आपण काहीतरी परदेशी पद्धत आणतोय असं मला वाटायचं. प्रशिक्षणात कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताची गोष्ट सांगतात. १९७४ मध्ये एल्मायरा नावाच्या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, मार्क यांट्झी यांनी न्यायाधीशांना सुचवलं की या दोघांनी ज्यांचं नुकसान केलं त्यांना भेटावं. मग ते दोघे खरंच दारोदार गेले, नाव सांगितलं, किती नुकसान झालं ते विचारलं आणि काही महिन्यांनी पैसे घेऊन पुन्हा त्याच दारांत उभे राहिले. त्यांतला एक जण मोठेपणी याच कामात आला. न्यूझीलंडने १९८९ मध्ये तर कायदाच केला. तिथल्या मूळ माओरी समाजाने टाहो फोडला होता की आमची मुलं तुम्ही आमच्यापासून तोडून संस्थांमध्ये घालता. तेव्हापासून तिथे मुलाचं कुटुंब, ज्याचं नुकसान झालं तो माणूस आणि पोलीस एकत्र बसतात आणि पुढे काय करायचं ते ठरवतात. या विचाराची मांडणी करणारे हॉवर्ड झेर यांचे प्रश्न साधे आहेत: कुणाला लागलं, त्यांना काय हवंय, आणि ते पुरं करायची जबाबदारी कुणाची. प्रशिक्षणाच्या खोलीत हे फळ्यावर लिहिलं गेलं आणि मला तात्या आठवले, पट्टा वजा करून.

तर गोल. बालवाडीच्या खोलीला दुपारच्या खिचडीचा वास होता. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, अननसाचा अ अर्धा फाटलेला. बोलणाऱ्याच्या हातात एक वस्तू द्यायची आणि ती हातात असेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही, असा नियम असतो. आम्ही बालवाडीच्या कपाटातला रंग उडालेला लाकडी भोवरा घेतला. मावशींना आम्ही आधी दोनदा भेटून आलो होतो. त्यांची मर्जी नसेल तर हे करायचंच नाही, आणि माफ करा असं कुणीही त्यांना सुचवायचं नाही, यावर मी स्वतः अडून बसते. बाईमाणसाला माफीसाठी भरीला घालायला आपल्याकडे सगळे तयार असतात. मावशींनी भोवरा दोन्ही हातांत घट्ट धरला. पिठाची बारीक रेघ नखांत तशीच होती. म्हणाल्या, "माफ-बिफ करायचं मला न्हाई जमायचं. मला माझी गिऱ्हाइकं पायजेत." मग त्याच्याकडे वळून, "तू रोजचा. तुला मी चमचाभर भाजी वर घालायची. मग माझाच का उचललास रे?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सामने था." आणखी थोड्या वेळाने, "आपने देखा नहीं था. बाकी सब लोग मेरे को देखते रहता है."

मावशींची मुलगी उठून बाहेर गेली. तिला हे सगळं थोतांड वाटत होतं, आणि अजूनही वाटतं. तिचं म्हणणं खोटं नाही. फोन गेल्यावर पंधरा दिवस आईचं रडणं तिने झेललं, आणि खोलीत सगळे चोराच्या गावाची गोष्ट ऐकत होते. काका पुन्हा पुन्हा हात जोडत होता, त्याला थांबवावं लागलं. आणि मग हार्डवेअरवाल्यांचं ते वाक्य आलं, आणि त्याचा तो प्रश्न.

कोंडी फोडली ती मावशींनीच. गावाच्या विषयाला त्यांनी हातच घातला नाही. "कुटं का जाईना, आधी माझे नंबर गोळा कर," म्हणाल्या. तेच मग कागदावर आलं: मोबाइलचे पैसे सायकलच्या दुकानातल्या कामाच्या मजुरीतून हप्त्याने द्यायचे, आणि डबे लावलेल्या गिऱ्हाइकांच्या दारांत जाऊन नंबर, पत्ता, खाण्याची आवडनिवड वहीत उतरवून आणायची. वही मराठीत, कारण मावशींच्या मुलीला वाचता आली पाहिजे.

मार्गदर्शक, मेंटॉर वगैरे शब्द ऐकायला भारदस्त आहेत. माझं बहुतेक काम चालण्याचं होतं. रविवारी सकाळी आम्ही इमारतींमागून इमारती पालथ्या घालायचो. पहिल्याच फाटकावर वॉचमनने त्याला अडवलं. वॉचमन स्वतः उत्तर प्रदेशातल्या बलियाचा, मुंबईत येऊन फार दिवस झाले नव्हते. मी बरोबर असूनही "मॅडम आप जाइए, ये नहीं जाएगा." शेवटी हार्डवेअरवाल्यांना फोन केला. ते कुरकुरत आले, सोसायटीच्या सेक्रेटरीला ओळखत होते, दोन शब्द बोलले आणि पोरगा वर गेला. जाताना मला म्हणाले, "ताई, माझं मत बदललेलं नाही हं." पण पुढच्या रविवारी न सांगता फाटकाशी हजर होते.

दारं उघडायची तशी वेगवेगळी उघडायची. एका म्हातारबुवांनी त्याला आत बसवून पाणी दिलं आणि मग कशासाठी आलाय ते ऐकून दार लावून घेतलं. एका नर्सबाईंनी उधारीचा आकडा स्वतःहून सांगितला, मावशींच्या आठवणीपेक्षा जास्त. एकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, लाज नाही का वाटत? तो "लगता है" म्हणाला आणि वही पुढे केली. नाव लिहिताना तो आधी बांगलात लिहायचा, मग खाली मी सांगेन तसं देवनागरीत. अक्षरांच्या ठेवणीत साम्य असल्याने त्याला ते भराभर जमलं. त्या वहीत "देशपांडे आजी, पोळी मऊ, तिखट नको" ही ओळ त्याने कुणाच्या मदतीशिवाय लिहिलेली पहिली ओळ. त्या पानावर मी मोबाइलने फोटो काढला आणि आईला दाखवायला त्याच्या काकाला पाठवला. आईला मराठी काय, बांगलाही वाचता येत नाही. पण अक्षर चांगलं आहे, असा निरोप आला.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो गायब झाला. कामाला नाही, खोलीवर नाही, काकाचा फोन बंद. ते जूनचे दिवस होते, वस्तीत कागद तपासायला माणसं येत होती. हप्ता चुकला तसा मावशींनी मला फोन करून हक्काने झापलं, "तुमचं पोर गेलं ना पळून?" माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं आणि त्याचा नंबर लागत नव्हता. रात्री झोप लागायची नाही. एखाद्या ट्रकमध्ये बसवून नेलं असेल तर कळणार कुणाकडून, कुठल्या कार्यालयात जाऊन काय विचारायचं, मी कोण लागते त्याची? नात्याच्या रकान्यात मी काय लिहिणार होते? पुढे कळलं, दोघं भिवंडीला एका गोदामात जाऊन राहिले होते, फोनमधली कार्डं काढून. गणपतीआधी परत आला. मी त्याला भेटायच्या आधी तो मावशींच्या काउंटरवर गेला होता. मावशींनी भर गर्दीत, तव्यावरची पोळी उलटत, राहिलेले हप्ते मागितले. त्याने खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून दिल्या. एक कमी होती, ती पुढच्या आठवड्यात आणायचं ठरलं.

मावशींनी त्याला माफ केलेलं नाही. मोबाइल आता पिठाच्या डब्यावर नसतो, साडीला लावलेल्या पाकिटात असतो, आणि वरची चमचाभर भाजी बंद झाली ती झालीच. तरी त्याच्याकडून काही येणं आहे, आणि ते तो आणून देईल, असं मानून चालणारं या शहरात काकाखेरीज दुसरं माणूस मला तरी त्यांच्याशिवाय दिसत नाही. मला गोलाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी. सोडून दिलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी कुणाचाच कुणी नव्हता. कोंडला असता तरी तेच. फाळणीनंतर कल्याणच्या छावण्यांत आलेल्या सिंध्यांचं उल्हासनगर झालं, सायन कोळीवाड्यात पंजाबी वसले, चेंबूर कॅम्पला आपण अजून कॅम्पच म्हणतो. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवली, ती माणसं चिता कॅम्पमध्ये राहिली. या सगळ्यांना कुणी ना कुणी परत जा म्हटलंच होतं. ती इथली झाली ती त्यांच्यावर कुणीतरी माल उधार सोडला, दुकानाची भिंत सामाईक झाली, भिशीत नाव घातलं, यातून.

त्याच्या त्या प्रश्नावर मी खूप विचार केला. सरकारी योजना, पुनर्वसनाची जमीन, नदीकाठाच्या माणसांसाठी कायदा, हे सगळं व्हायला हवं आणि त्यासाठी भांडणारी माणसं मुर्शिदाबादेत आहेत. गोलात बसून नदी मागे जात नाही. बालवाडीच्या खोलीत बापाची मजुरी वाढत नाही, की कागद तपासणारा थांबत नाही. कधीकधी मला राग येतो, की ज्याचं सगळं गाव गेलं त्याच्याकडून आम्ही एका मोबाइलची भरपाई मागतो आहोत, आणि त्याचं जे गेलं त्याची भरपाई कुणी कुणाकडे मागायची? हे मी एकदा गटातल्या समुपदेशक बाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, मावशींचं गेलेलंही खरं आहे. त्यांचं म्हणणं पटतं, आणि राग तसाच राहतो.

पुढच्या वर्षी तो अठराचा होईल. या प्रकरणाचा डाग कायद्याप्रमाणे त्याच्यावर राहायचा नाही, नोंदीही ठरल्या मुदतीने नष्ट व्हायला हव्यात. त्या होतात की नाही यावर लक्ष ठेवायचं काम माझं. पण अठरा झालं की मंडळ नाही, परिविक्षा अधिकारी नाही, संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी असते ती पुढची मदतही नाही, कारण तो संस्थेत कधी नव्हताच. रात्रशाळेतून दहावी करायची त्याची इच्छा आहे. वही आता मावशींच्या काउंटरखाली असते, आणि नवीन गिऱ्हाईक आलं की मुलगी, अजूनही त्याच्याशी न बोलता, ती त्याच्यासमोर सरकवते. अक्षर त्याचं बरं आहे.

आमच्या गटाकडे मुलं येतात तेवढी माणसं येत नाहीत. मुर्शिदाबादची आहेत, दरभंग्याची आहेत, नेपाळची आहेत, आणि आपल्या मराठवाड्यातून दुष्काळात आलेलीही आहेत. रविवारी सकाळी दहा ते बारा एवढा वेळ लागतो, चालायची तयारी लागते आणि एक वर्ष लागतं. मध्येच सोडून जाणारं माणूस या मुलांनी आधीच पुष्कळ पाहिलंय, तेव्हा वर्षभराची खात्री नसेल तर नका येऊ. दहावीचं गणित शिकवता येत असेल तर या. आणि कुणाला बांगला येत असेल, तर त्यांनी आधी या, कारण त्याच्या आईशी फोनवर नीट बोलायचं आहे आणि माझं काम आत्तापर्यंत फक्त "भालो, भालो" वर चाललंय.